ओट्यावरचा लाल ठिपका

मरोळच्या मागच्या अंगाला जे जुनं गावठाण आहे, तिथे कित्येक वर्षांत खून, चाकूहल्ला, दंगल यांपैकी काहीही झालं नव्हतं. ही बाब संशोधनाच्या दृष्टीने अत्यंत चिंताजनक होती.

चिंता करण्याचं काम उपनगरीय गुन्हे-कल अभ्यास व हिंसा प्रतिबंध केंद्राकडे होतं. केंद्राने अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचा एक मोठा नकाशा केला होता. जिथे गुन्हा, तिथे लाल ठिपका. नकाशाला सगळीकडे गोवर आला होता. फक्त या गावठाणाच्या जागी कागद कोरा होता. वरिष्ठांनी बोट ठेवून विचारलं, "इथे काय आहे?" खालच्यांनी सांगितलं, "इथे काही नाही, सर." वरिष्ठ म्हणाले, "काही नाही असं कधी नसतं. माहिती नसते." आणि माहिती आणायला त्यांनी प्रांजलला पाठवलं. प्रांजलने हिंसेवर डॉक्टरेट केली होती. हिंसा पाहिलेली नव्हती.

ती आली तेव्हा फ्रेडी घरासमोरच्या ओट्यावर वाल सोलत बसला होता. जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस. हात मोठे आणि वाल लहान. दर दोन वालांमागे एक निसटून गटारात जात होता. बायको सेराफिना जाऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. ती भिजवायची तेवढेच वाल फ्रेडी अजून भिजवायचा. एकट्याला तेवढे लागत नाहीत हे त्याला कळत होतं. पण कमी भिजवायचे म्हणजे किती, हे सांगणारी तीच होती.

सेराफिनाची एक रीत होती. गावठाणात आणि शेजारच्या चाळीत कोणाचंही भांडण पेटलं, की ती दोघांना दंडाला धरून ओट्यावर आणायची. मोड आलेल्या वालांची परात मध्ये ठेवायची, वर कोमट पाणी घालायची आणि म्हणायची, "सोला. परात रिकामी झाली की मग एकमेकांचे गळे दाबा." आता वाल सोलणं हे रागाने करायचं काम नाही. जोरात दाबला की दाणा फुटतो, नाहीतर टुणकन उडून समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून हात हळू करावा लागतो. हात हळू झाला की आवाजही हळू होतो. परात अर्धी होईपर्यंत दोघं वालाच्या भावावर आलेली असायची, आणि संपेपर्यंत भांडण कशावरून होतं ते आठवायला सेराफिनालाच विचारावं लागायचं. तिला आठवत असायचं, पण ती सांगायची नाही.

"अंकल, मी केंद्रातून आलेय," प्रांजल म्हणाली. "तुमच्या भागातल्या हिंसेबद्दल बोलायचं होतं."

"बस बाय," फ्रेडी म्हणाला. "कुठली हिंसा?"

तेवढ्यात नाना आणि यव्होन आले. आले म्हणजे भांडतच आले. नाना शेजारच्या चाळीतला, जालन्याकडून तरुणपणी आलेला आणि आता मुंबईपेक्षा जुना वाटणारा. यव्होन भिंतीपलीकडची, शाळेत शिकवून निवृत्त झाली होती, पण आवाज अजून नोकरीत होता.

"फ्रेडी, हिला सांग! हिचे बोंबील कावळे उचलतात आणि माझ्या पिंपात टाकतात. सकाळी तोंड धुवायला तांब्या बुडवला, तर आतून बोंबील बघतोय माझ्याकडे!"

"मग कावळ्यांना सांग ना! कावळे काय मी पाळलेत?"

"बोंबील तुझे आहेत ना?"

"पिंपावर झाकण ठेवायला काय होतं तुला? जयंतीला एवढा मोठा मांडव घालतोस, एक झाकण घालता येत नाही?"

"मांडवाचं नाव काढू नकोस हां, यव्होन!"

"काढणार! मांडव, मांडव, मांडव!"

प्रांजलचे डोळे चमकले. फ्रेडीने परात मध्ये सरकवली आणि पाणी घातलं. दोघं सवयीने समोरासमोर बसली. थोडा वेळ नुसता वालांचा टपटप आवाज.

"तुझे फुटतायत," यव्होन म्हणाली.

"तुझे काय मोती निघतायत?"

आणखी टपटप.

"सेराफिना असती तर मला इथून उठवलं असतं," नाना म्हणाला. "म्हणायची, नाना, तू वाल सोलत नाहीस, खून करतोस."

यव्होन हसली. मग नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "बोंबील सुकले की दोन जुड्या पाठवते तुझ्या सुनेकडे."

"पाठव. पण पिशवीतून पाठव. कावळ्याबरोबर नको."

दोघं उठून गेली. प्रांजलने श्वास सोडला. "अंकल, हे काय होतं?"

"वाल."

"नाही, हे जे आत्ता झालं, ते?"

"आता बिरडं होईल."

"अंकल, हा समुदाय-आधारित हिंसा प्रतिबंध आहे!"

"असेल," फ्रेडी म्हणाला. "आमच्यात त्याला सेराफिना म्हणायचे."

प्रांजलची नजर मग ओट्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथे पिवळ्या रंगाची मोठी फुली होती. रस्ता रुंद होणार होता आणि ओटा रुंदीत येत होता. फ्रेडीने दोन-तीन ठिकाणी जाऊन विनवण्या केल्या होत्या. सगळीकडे त्याला एकच विचारलं होतं: ओट्याचा उपयोग काय? "बायको बसायची" हा उपयोग नियमात बसत नव्हता.

"आपण ओटा वाचवू," प्रांजल म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. "ओट्याचा हिंसेशी संबंध आहे, एवढं एकदा अभ्यासातून सिद्ध झालं, की 'सामाजिक सुरक्षा साधन' म्हणून तो संरक्षित होतो. मग त्याला कोणी हात लावू शकत नाही."

फ्रेडीने तिला घरात नेऊन चहा दिला आणि सेराफिनाचा फोटो दाखवला. एवढं तो नातेवाइकांसाठीसुद्धा करत नसे.

सर्वेक्षण सुरू झालं. केंद्राची मुलं घरोघर जाऊन दोन प्रश्न विचारू लागली: शेवटचं भांडण कशावरून झालं, आणि कुठे? लोक आधी बिचकले. तेव्हा फ्रेडी स्वतः दारोदार फिरला. "घाबरू नका रे. कुठे भांडलात विचारलं, की ओट्याचं नाव घ्या. सेराफिनाचा ओटा वाचवायचाय."

सेराफिनाचं नाव निघाल्यावर गावठाणाने हात आखडता घेतला नाही. जे भांडले होते त्यांनी सांगितलं, ओट्यावर. जे स्वयंपाकघरात भांडले होते त्यांनीही सांगितलं, ओट्यावर. एका म्हातारीने वसईच्या लग्नातलं भांडण ओट्याला दिलं. नानाने तर मेव्हण्याबरोबरचं जालन्याचं भांडण लिहून घ्यायला लावलं. "ते अजून मिटलं नाही," त्याने समजावलं, "कारण तिथे ओटा नव्हता. इथे झालं असतं तर मिटलं असतं. म्हणून इथलंच धरा."

केंद्राच्या व्याख्याही उदार होत्या. मोठ्याने बोलणं ही शाब्दिक हिंसा. हातात पळी असताना मोठ्याने बोलणं ही शस्त्रयुक्त शाब्दिक हिंसा. डोळ्यात वाल उडणं ही प्रक्षेपणास्त्राने झालेली इजा. गावठाणाने या सगळ्या प्रकारांत भरघोस कामगिरी केली.

अहवाल चर्चच्या हॉलमध्ये सादर झाला. फ्रेडी लग्नातला कोट घालून पुढे बसला. रुंदीकरणाचे साहेबही मुद्दाम आले होते. पडद्यावर नकाशा उमटला. गावठाणाच्या मधोमध, बरोबर ओट्यावर, एक लाल ठिपका होता. ठिपका म्हणणंही कठीण होतं, कारण त्याखाली ओटा, फ्रेडीचं घर आणि शेजारचा क्रूस असं सगळं झाकलं गेलं होतं.

"उपनगरातलं हे सर्वाधिक तीव्रतेचं हिंसा-केंद्र आहे," वरिष्ठ अभिमानाने म्हणाले. "इतक्या छोट्या जागेत इतकी भांडणं आमच्या पाहण्यात नाहीत. आणि ही जागा आजवर नकाशावर नव्हती!"

टाळ्या झाल्या. फ्रेडीनेही दोन वाजवल्या आणि मग त्याचे हात थांबले.

"साहेब," तो उठून म्हणाला, "भांडणं तिथे व्हायची नाहीत. तिथे मिटायची."

वरिष्ठांनी प्रांजलकडे पाहिलं. प्रांजलने खाली पाहिलं. "अंकल, आम्ही 'कुठे झालं' विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "'मिटलं' असा पर्यायच नव्हता."

"मग घाला ना!"

"आता आकडेवारी गोठवली आहे."

नाना मागून ओरडला, "अहो, मग सगळ्यात जास्त आजारी माणसं कुठे सापडतात? हॉस्पिटलात! तेही पाडा की!"

वरिष्ठांनी हे शांतपणे टिपून घेतलं. "सूचना चांगली आहे. पण आरोग्याचा विषय दुसऱ्या विभागाकडे येतो."

शिफारस एकमताने मंजूर झाली. हिंसेला जागा मिळते म्हणून हिंसा होते; सबब जागा काढावी. रुंदीकरणाचे साहेब इतके खूश झाले, की त्यांनी वरिष्ठांना मिठी मारली. आजवर त्यांना ओटा पाडायला फक्त रस्त्याचं कारण होतं. आता शांततेचंही होतं.

पण केंद्र निर्दय नव्हतं. वाल सोलण्याच्या पद्धतीत तथ्य आहे, हे अहवालाने मान्य केलं होतं. म्हणून नाक्यावर पत्र्याची एक खोली आणून ठेवण्यात आली आणि वर पाटी लागली: 'शांतता सुविधा कक्ष, वेळ ११ ते ५, जेवणाची सुट्टी १ ते २'. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी ओळखपत्र दाखवून टोकन घ्यायचं होतं. वालांचा पुरवठा रीतसर निविदा काढून ठरला होता. पुरवठादाराने अत्याधुनिक माल दिला: यंत्राने सोललेले, पाकिटबंद, बर्फात गोठवलेले वाल.

फ्रेडीने पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "सोललेले आहेत."

"हो!" प्रांजल म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. "सोलण्यात दर भांडणामागे फार वेळ जात होता. आता थेट वाल हातात."

"आणि त्यांनी हातात घेऊन करायचं काय?"

प्रांजलने परिपत्रक पाहिलं. "शांत व्हायचं."

पहिले लाभार्थी नाना आणि यव्होनच होते. कावळ्यांनी अहवाल वाचला नव्हता. दोघं ओळखपत्रं घेऊन रांगेत उभी राहिली, टोकन घेतलं, आणि जेवणाची सुट्टी लागल्यामुळे उन्हात तासभर एकमेकांकडे बघत थांबली. पुढे फॉर्म भरून शिक्के होईपर्यंत पाच वाजून गेले, तेव्हा दोघांना एकेक पाकीट मिळालं.

"तुझं मोठं आहे," यव्होन म्हणाली.

"सारखंच आहे."

"मला दिसतंय ना! बघू इकडे."

"हात लावू नकोस हां!"

गोठवलेला वाल दगडासारखा असतो. पाकीट नानाच्या कपाळाला लागलं आणि गावठाणात कित्येक वर्षांनी भांडणातून रक्त आलं. यव्होन घाबरून रडायला लागली. तिनेच आपल्या पदराने कपाळ दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी ती नानाच्या दारापर्यंत गेली होती. पण जाऊन बोलायचं काय, आणि बोलताना हातांनी करायचं काय, हे न कळून परत आली. केंद्राच्या नोंदीत मात्र शून्य पडलं, कारण हा प्रकार ५ वाजून गेल्यावर झाला होता.

ओटा पाडायचा दिवस उजाडला. फ्रेडी पहाटे उठला, वाल फडक्यातून सोडले, परात घेतली आणि ओट्यावर जाऊन बसला. जेसीबी आलं. त्याच्यामागे इंजिनिअर आला. दोघांचं लगेच वाजलं.

"आधी क्रुसाकडून सुरू कर," इंजिनिअर म्हणाला.

"क्रुसाला धक्का लागला तर कोण मार खाणार? तुम्ही का मी?" जेसीबीवाला म्हणाला.

"मी सांगतोय ना!"

"लिहून द्या!"

"लिहून कशाला? तोंडी सांगितलेलं कळत नाही तुला?"

फ्रेडीने परात मध्ये सरकवली. का सरकवली हे त्याला पुढे कोणी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. भांडण दिसलं की परात सरकवायची, एवढंच त्या ओट्यावर बसून त्याला माहीत होतं. कोमट पाणी घातलं. "सोला," तो म्हणाला. "संपले की मग पाडा."

इंजिनिअर वैतागून बसला. मग जेसीबीवाला बसला. मग बिगारी बसले. उन्हं डोक्यावर आली. इंजिनिअरने सांगितलं, की त्याची आई वालात कोकम घालते. जेसीबीवाला म्हणाला, आमच्या उत्तरेकडे हे वाल कोणी खात नाही, पण सोलायला मजा येते. क्रुसाला धक्का न लावता काम कसं करायचं, हेही दोघांचं ठरून गेलं. फ्रेडीने आतून सगळ्यांना बिरडं-भात आणला. वाढताना त्याच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदाच वाल बरोबर माणसांपुरते भिजले होते. संध्याकाळ झाली तेव्हा ओटा तसाच होता, आणि जाताना इंजिनिअर परत परत म्हणत होता, "काका, चव होती हां."

दुसऱ्या दिवशी पोलीस बरोबर आले. शासकीय कर्मचाऱ्यांना दिवसभर वाल सोलायला लावून सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल फ्रेडीवर गुन्हा दाखल झाला. परात मुद्देमाल म्हणून जप्त झाली. गावठाणाच्या नावावर नोंदवलेला हा पहिला खरा गुन्हा. वरिष्ठांनी नकाशा मागवला आणि स्वतःच्या हाताने आणखी एक ठिपका लावला. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "काही नाही असं कधी नसतं."

ओटा दुपारपर्यंत गेला. क्रुसाला धक्का लागला नाही.

सहा महिन्यांनी प्रांजल पाठपुराव्याच्या सर्वेक्षणाला आली. ओट्याच्या जागी रुंद रस्ता होता आणि रुंद रस्त्यावर गाड्या उभ्या होत्या. फ्रेडी घरात, पलंगाच्या कडेला बसून, पातेल्यात वाल सोलत होता. थोडेच होते.

"अंकल, तुमचं शेवटचं भांडण कधी झालं?"

फ्रेडीने खूप आठवून पाहिलं. पोरीला काहीतरी द्यावं असं त्याला वाटत होतं.

"सेराफिनाशी," तो शेवटी म्हणाला. "मिठावरून."

"ते अभ्यासाच्या कालावधीत येत नाही. त्यानंतर?"

"त्यानंतर कोणाशी भांडू, बाय? नाना तिकडून वळून जातो. यव्होनने खिडकीला पत्रा मारलाय. बोंबीलही सुकवत नाही ती आता. विकत आणते, पाकिटातले."

प्रांजलने 'काही नाही' वर खूण केली. नाना आणि यव्होनकडेही तिला हेच उत्तर मिळालं होतं. सगळ्या गावठाणात हेच मिळालं होतं. ती जायला उठली, आणि मग का कोण जाणे, दारातच उभी राहिली.

"बस," फ्रेडी म्हणाला आणि पातेलं थोडं तिच्याकडे सरकवलं. "दोन सोलून जा."

तिने हात पुढे केला. तेवढ्यात फोन वाजला. वरिष्ठांना आकडे तातडीने हवे होते.

गावठाणाचा ठिपका हिरवा झाला. प्रयोगाला राज्यस्तरीय पारितोषिक मिळालं आणि त्याचं नाव ठेवलं गेलं 'सेराफिना पद्धत'. या पद्धतीत माणसं जिथे जिथे बसतात त्या जागा शोधून काढतात आणि काढून टाकतात. मोहीम आता घाटकोपर, मुलुंड करत बोरिवलीकडे सरकते आहे. पार, बाकडी, जिन्याच्या खालच्या पायऱ्या, कशालाही वगळलेलं नाही.

तुम्ही मात्र काळजी करू नका. तुमच्या इमारतीत पथक येऊन गेलं आणि पाडण्यासारखं काही न सापडल्याने खालूनच परत गेलं. तुमचा ठिपका पहिल्यापासून हिरवा आहे. आदर्श इमारतींच्या यादीत तुम्ही वर आहात. प्रश्नावलीत यंदा एकच प्रश्न नवा घातला आहे: समोरच्या दारामागे कोण राहतं? उत्तर येत नसेल तर घाबरू नका. त्याचे गुण जास्त आहेत.